मास्टर ऑफ मॅजिक: शेतकरी किती आणि कामगार किती?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ‘मास्टर ऑफ मॅजिक’ या राज्य उभारायच्या कॉम्प्युटर गेमची १९९४ची मूळ आवृत्ती खेळताय. हाय मेन ही जमात, ५ शहरं, १६ तुकड्या, आणि फूडचा आकडा (दर टर्नला, म्हणजे खेळाच्या एका फेरीला, सगळ्या शहरांचं मिळून उरणारं अन्न) उणे ३. शेतकरी वाढवले की बांधकाम रखडतं, कामगार वाढवले की टर्न संपताना एखादी तुकडी नाहीशी होते. त्याआधी ‘सिव्हिलायझेशन’ भरपूर खेळून झालंय, म्हणून शहरं भराभर वाढावीत यासाठी तुम्ही सुरुवातीला जास्तीचे शेतकरी लावले होते, पण वाढ काही झाली नाही. आणि आता तुम्हाला एक ठोकताळा हवाय: शेकडा किती शेतकरी ठेवावेत?

असा शेकड्याचा आकडा देता येत नाही, आणि कुणी दिला तरी तो तुमच्या पुढच्याच डावात चुकेल. मी हा खेळ बरीच वर्षं खेळतोय, नव्या लोकांचे अडकलेले डावही पुष्कळ पाहिलेत. त्यात बहुतेक वेळा घोटाळा शेतकऱ्यांच्या संख्येत नसतो. अन्न नेमकं कशाला लागतं, याची समजूत दुसऱ्या खेळातून आलेली असते. तुमचंही तेच झालंय. ‘सिव्हिलायझेशन’मध्ये उरलेलं अन्न शहराच्या पेटीत साठतं, पेटी भरली की लोकसंख्या एकाने वाढते. दोन्ही खेळ मायक्रोप्रोजनेच काढलेले आणि पडदेही सारखे दिसतात, त्यामुळे तोच नियम इथेही असणार असं वाटणं साहजिक आहे. पण इथे अन्न साठतच नाही. टर्नच्या शेवटी जे उरेल ते विकलं जातं, दर २ फूडला १ गोल्ड. शहराच्या वाढीला त्यातून काहीही मिळत नाही. तुम्ही लावलेले ते जादा शेतकरी इतके दिवस फक्त किरकोळ भावाने धान्य विकत होते.

मग शहर वाढतं कशाने? मोकळ्या जागेने. प्रत्येक शहराला एक कमाल लोकसंख्या असते. ती भोवतालच्या २१ चौकोनांवरून ठरते: नदी आणि गवताळ जमीन चांगली, टेकड्या आणि जंगल बेताचं, वाळवंट आणि डोंगर शून्य. या कमाल आकड्यातून सध्याची लोकसंख्या वजा करा, १ मिळवा, निम्मे करा, अपूर्णांक सोडून द्या आणि १० ने गुणा. दर टर्नला तितकी माणसं वाढतात. १,००० माणसं झाली की शहराच्या रांगेत एक नवा नागरिक उभा राहतो. यात जमातीचा फरक पडतो (बार्बेरियन २०ने जास्त वाढतात, हाय एल्फ आणि ड्वॉर्फ २०ने कमी, तुमचे हाय मेन आहेत तसेच), आणि काही इमारतींची भर पडते. या सूत्रात शेतकरी कुठेच नाहीत, एवढं आधी पक्कं करून घ्या.

आता एक छोटं शहर जवळून बघू, कारण खरा हिशेब तिथेच कळतो. समजा कमाल लोकसंख्या १० आणि आत्ता नागरिक ३. प्रत्येक नागरिक १ फूड खातो, शेतकरी २ फूड पिकवतो. म्हणजे तिघांसाठी २ शेतकरी लागतात आणि कामगार उरतो १. कामगार २ प्रॉडक्शन (बांधकामाची ताकद) देतो, शेतकरी अर्धं देतो, तेव्हा शहराचं एकूण प्रॉडक्शन ३. वाढ: १० वजा ३, अधिक १, भागिले २, म्हणजे ४, टर्नला ४० माणसं. पुढचा नागरिक यायला २५ टर्न.

याच शहरात ग्रॅनरी (धान्याचं कोठार) उभी करा. ती २ फूड देते, कमाल लोकसंख्या २ने वाढवते, आणि वाढीच्या वेगात २०ची भर घालते. आता शेतकऱ्यांनी फक्त १ फूड पिकवायचंय, म्हणजे एकच शेतकरी पुरतो. कामगार २ झाले, प्रॉडक्शन साडेचार. कमाल १२ झाल्यामुळे वाढ ५०, वर ग्रॅनरीचे २०, असे टर्नला ७०. पुढचा नागरिक १५व्या टर्नला येतो. एका इमारतीने प्रॉडक्शन दीडपट केलं आणि वाढ पावणेदोनपट. तिची किंमत ४० प्रॉडक्शन आणि देखभाल टर्नला १ गोल्ड. इतक्या स्वस्तात इतका फायदा देणारी दुसरी इमारत या खेळात मला माहीत नाही.

अडचण अशी की ग्रॅनरीआधी बिल्डर्स हॉल ही इमारत लागते, आणि ३च्या प्रॉडक्शनवर नवं शहर हे दोन्ही बांधत बसलं तर फार उशीर होतो. म्हणून माझ्याकडचं सुरुवातीचं गोल्ड मी सैन्यावर न घालता नव्या शहरांच्या ग्रॅनरीवर घालतो. मात्र काम लावल्या लावल्या विकत घेऊ नका. काहीच बांधून झालेलं नसताना दर सर्वांत चढा असतो, काम थोडं पुढे सरकलं की तो बराच उतरतो. दोन-चार टर्न थांबा, मग घ्या.

फार्मर्स मार्केट ही पुढची पायरी. १०० प्रॉडक्शन, देखभाल २ गोल्ड. देतं ३ फूड, कमाल लोकसंख्येत ३, वाढीत ३०. ग्रॅनरी आणि मार्केट दोन्ही असलेल्या १० नागरिकांच्या शहराला ५ शेतकऱ्यांऐवजी ३ पुरतात. पण त्याआधी मार्केटप्लेस (बाजार) लागतो आणि त्याआधी स्मिदी (लोहारशाळा), त्यामुळे ते घाईने होत नाही. आडबाजूच्या, डोंगराळ, जेमतेम ६-७ नागरिकांच्या शहरात मी ते बांधतही नाही.

इथवर शहराने स्वतःचं पोट भरण्याची गोष्ट झाली, आणि ती काळजी खेळ स्वतःच घेतो. शहराच्या पडद्यावर नागरिकांची रांग नीट बघा. डावीकडचे काही शेतकरी बाकीच्यांपासून थोडं अंतर ठेवून उभे असतात. ते त्या शहरापुरतं पिकवणारे. त्यांच्यावर क्लिक करून कामगार करता येत नाही. तुमच्या हातात असतात ते त्या अंतराच्या पलीकडचे. म्हणजे ‘किती शेतकरी ठेवू’ हा प्रश्न खरं तर ‘किती जादा शेतकरी ठेवू’ असा आहे, आणि जादा शेतकऱ्यांचं काम एकच: सैन्याला खाऊ घालणं.

प्रत्येक साधी तुकडी टर्नला १ फूड खाते, मग ती राजधानीत बसलेली असो की जगाच्या दुसऱ्या टोकाला. म्हणजे दोन तुकड्यांमागे एक शेतकरी. तुमच्या १६ तुकड्या म्हणजे ८ जादा शेतकरी, आणि ते आठही कामगार असते तर टर्नला १२ प्रॉडक्शन जास्त मिळालं असतं. तुमचं बांधकाम रखडलंय ते इथे. सैन्याचा खर्च मोजताना आपण गोल्डचा अपकीप (देखभालीचा खर्च) बघतो आणि हा दुसरा खर्च विसरतो, कारण तो सैन्याच्या पडद्यावर न दिसता शहरांच्या प्रॉडक्शनमध्ये मुरलेला असतो.

म्हणून माझा क्रम नेहमी उलटा असतो. आधी सैन्य किती लागेल ते ठरवतो, त्यावरून जादा शेतकरी, आणि उरतील ते सगळे कामगार. सैन्य किती लागेल हे परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ते मी इथे बसून सांगू शकत नाही. शेजारी कोण आहे, तुमच्या बेटावर किती गुहा आणि पडके किल्ले आहेत, तिथले राक्षस आणि मोकाट टोळ्या किती वेळा बाहेर पडतात, खेळ कुठल्या पातळीवर चालू आहे, हे सगळं त्यात येतं. तुमची जादू कोणती यावरही बरंच ठरतं. मंत्राने बोलावलेले प्राणी अन्न खात नाहीत, त्यांचा खर्च मॅनातून, म्हणजे जादूच्या शक्तीतून, जातो. ज्याच्याकडे मॅनाची आवक चांगली आहे त्याने लढाईचा भार त्या प्राण्यांवर टाकावा आणि माणसांच्या तुकड्या शहरांच्या पहाऱ्यापुरत्या ठेवाव्यात. त्याचे शेतकरी आपोआप मोकळे होतात. मॅना जेमतेम असेल तर तलवारबाज आणि धनुर्धारीच लागणार, आणि त्यांना जेवायलाही लागणार.

पहाऱ्याचा हिशेब थोडा वेगळा आहे. बंडखोर नागरिक खातो, पण काम करत नाही आणि करही देत नाही. माणशी १ गोल्ड कर असेल तर २० टक्के नागरिक बंडखोर होतात. आकडा खाली उतरवला जातो, म्हणून ४ नागरिकांच्या शहरात एकही नसतो, पाचवा आला की एक होतो, दहाला दोन. शहरातल्या दर दोन तुकड्यांमागे एक बंडखोर कमी होतो. आता बघा: दोन भालाईत २ फूड खातात, आणि त्यांच्यामुळे कामावर परतलेला माणूस शेतकरी झाला तर २ फूड पिकवतो. अन्नात फिट्टंफाट. वर १ गोल्ड कर आणि अर्धं प्रॉडक्शन पदरात पडतं, शहराला संरक्षण मिळतं ते वेगळंच. म्हणजे बंडखोर असलेल्या शहरातल्या पहिल्या दोन तुकड्या स्वतःचं अन्न स्वतः मिळवतात. बंडखोर नसलेल्या शहरातली दुसरी तुकडी मात्र निव्वळ खर्चाची. जिंकून घेतलेल्या, वेगळ्या जमातीच्या शहरांत असंतोष जास्त असतो, तिथे जास्त तुकड्या ठेवणं परवडतं.

कर अर्ध्या गोल्डवर आणला तर बंडखोरी १० टक्क्यांवर येते, दीडवर नेला तर ३० टक्के, दोनवर नेला तर ४५. मी बहुतेक डावांत १ वरच ठेवतो. एखादी मोठी खरेदी करायची असेल तर कर वाढवण्यापेक्षा एक शहर काही टर्न ट्रेड गुड्सवर, म्हणजे बांधकामाऐवजी गोल्ड कमावण्यावर, लावतो.

ट्रेड गुड्सवरून आठवलं, जादा शेतकरी अगदीच वाया जातात असं समजू नका. ट्रेड गुड्समध्ये २ प्रॉडक्शनचं १ गोल्ड होतं, म्हणजे एक कामगार १ गोल्ड देतो. जादा शेतकरी २ फूड पिकवतो, ते विकून १ गोल्ड येतं, आणि वर त्याचं अर्धं प्रॉडक्शन राहतंच. ज्या शहरात बांधण्यासारखं काही उरलं नाही आणि सॉमिलसारखी प्रॉडक्शन वाढवणारी इमारतही नाही, तिथे शेतकरी कामगारापेक्षा किंचित सरसच ठरतो. अशी शहरं सैन्याची कोठारं म्हणून वापरायची. सॉमिल, फॉरेस्टर्स गिल्ड झालेल्या शहरात कामगाराचं मोल वाढलेलं असतं, तिथे एकही जादा शेतकरी ठेवू नये. शेतकरी सगळ्या शहरांत सारखे वाटून देणं न्याय्य दिसतं, पण त्याने दोन्हीकडे नुकसान होतं.

कोठाराचं शहर निवडताना एका मर्यादेचं भान ठेवा, ती खेळाच्या पडद्यावर कुठे लिहिलेली नाही. प्रत्येक शहराच्या जमिनीची अन्न देण्याची एक कुवत असते. शेतकऱ्यांनी पिकवलेलं अन्न त्या कुवतीपलीकडे गेलं की वरचं अन्न निम्मंच हाती येतं. जमिनीची कुवत १० असेल तर ५ शेतकरी पुरते १० फूड देतात. आणखी दोन लावले तर ४ऐवजी २च वाढतात. म्हणजे त्यातल्या प्रत्येकामुळे सैन्याला २ऐवजी १च फूड मिळतं. म्हणून जादा शेतकरी नदीकाठच्या, गवताळ जागेच्या शहरात हवेत. शेतकरी वाढवूनही फूडचा आकडा एकेकानेच वर सरकत असेल तर तुम्ही ही मर्यादा ओलांडली आहे असं समजा आणि दुसऱ्या शहराकडे वळा. ग्रॅनरी आणि फार्मर्स मार्केटचं अन्न या कपातीत सापडत नाही. शहरं फार जवळजवळ वसवली तर सामाईक चौकोनांचा लाभ दोघांनाही निम्माच मिळतो, हेही त्याच जातीचं नुकसान. सेटलर्स (नवं शहर वसवणारी तुकडी) पाठवण्याआधी सर्व्हेअर या खेळातल्या पाहणीच्या सोयीने जागेची कमाल लोकसंख्या बघून घ्यावी.

आता तुमच्या त्या तक्रारीकडे येतो, की ‘काल फूड अधिक होतं, काहीही न बदलता आज उणे झालं’. याचं कारण शहरांची वाढ. ग्रॅनरी असलेलं ९ नागरिकांचं शहर घ्या. ७ फूड पिकवायला ४ शेतकरी लागतात, ते पिकवतात ८, म्हणून १ उरतं आणि सैन्याला मिळतं. दहावा नागरिक आला की ८ फूड लागतं आणि शेतकरी तेच ४. उरलेलं १ संपलं. एका टर्नला अशी दोन-तीन शहरं वाढली की एकूण आकडा दोन-तीनने खाली येतो. वाढ ही चांगली गोष्ट असल्यामुळे तिच्याकडे संशयाने कुणी बघत नाही. ५-६ शहरं असताना मी ३-४ फूड हातचं ठेवतो. त्याहून जास्त दिसलं की एक शेतकरी कामगार करतो. उणे आकडा ठेवून टर्न संपवू नये, कारण कोणती तुकडी जाईल ते आपल्याला निवडता येत नाही, आणि नेमकी अनुभवी तुकडी गेली तर ती पुन्हा घडवायला फार वेळ लागतो.

जमात बदलली की यातलं बरंच गणित बदलतं, म्हणून पुढच्या डावासाठी थोडं सांगून ठेवतो. हाफलिंग शेतकरी ३ फूड पिकवतो, त्यांच्याकडे सैन्य पोसणं सोपं. ड्वॉर्फ आणि क्लॅकॉन कामगार ३ प्रॉडक्शन देतात, तिथे जादा शेतकरी ठेवणं महागात पडतं, म्हणून त्या जमाती घेतल्या तर मंत्राने बोलावलेल्या प्राण्यांवर जास्त भिस्त ठेवावी. अॅनिमिस्ट्स गिल्ड बांधता येणाऱ्या जमातींना प्रत्येक शेतकऱ्यामागे १ फूड जास्त मिळतं, पण ते बरंच पुढचं काम आहे. शत्रूकडे मृत्यूची जादू असेल तर फॅमिनचा मंत्र येऊ शकतो, तो शेतकऱ्यांचं पीक निम्म्यावर आणतो. सगळे जादा शेतकरी एकाच शहरात असतील आणि तिथेच हा मंत्र पडला तर सैन्य एका टर्नमध्ये उपाशी राहतं. त्यामुळे डाव मोठा झाल्यावर मी कोठाराची शहरं दोन तरी ठेवतो. आणि २०२२मध्ये या खेळाची जी नवी आवृत्ती आली, तिच्यात आकडे वेगळे आहेत. विचार तोच चालेल, पण वरची गणितं जशीच्या तशी तिथे लावू नका.

सेटलर्सबद्दलही एक सांगायचंय, कारण लोकसंख्या वाढवण्याचा सर्वांत मोठा मार्ग तोच आहे. सेटलर्स बांधले की शहरातला एक नागरिक कमी होतो. म्हणून लोक ते नव्या, छोट्या शहरांतून बांधत नाहीत हे ठीक, पण भरत आलेल्या शहरातूनही बांधायला कचरतात. वरचं सूत्र आठवा. कमाल १४ असलेलं शहर १३ वर पोचलं की वाढ टर्नला १० उरते, त्यातला एक नागरिक बाहेर पाठवला तरी तिथली वाढ कमी होत नाही, तेवढीच राहते. तोच नागरिक नव्या जागेवर मोकळ्या जमिनीत वाढायला लागतो. भरलेल्या शहरांत दुसरं काही न बांधता हाउसिंग (बांधकामाऐवजी लोकसंख्येची वाढ वेगाने करणारं काम) लावण्यापेक्षा हे कितीतरी फायद्याचं. हाउसिंग छोट्या शहरातच लावावं, आणि त्याचा जोर शहरातल्या कामगारांच्या प्रमाणावर असल्यामुळे ते चालू असताना त्या शहरात जादा शेतकरी ठेवू नयेत.

आता तुमचा आत्ताचा डाव. तुम्ही लिहिलंय की प्रत्येक शहरात दोन-दोन भालाईत आहेत आणि ६ तुकड्या बाहेर फिरताहेत. पाचपैकी तीन शहरांत ४ किंवा कमी नागरिक आहेत. कर १ गोल्ड असेल तर त्या तीन शहरांत बंडखोर नसणारच, म्हणजे तिथला दुसरा भालाईत असंतोषासाठी काहीच करत नाही. आसपासच्या गुहा साफ झाल्या असतील तर या तिन्ही शहरांतला एकेक भालाईत बरखास्त करा. फूड उणे ३ वरून शून्यावर येईल. मग राजधानी सोडून दुसऱ्या मोठ्या शहरात, नदी असेल तिथे, दोन कामगार शेतकरी करा, आकडा अधिक ४ होईल. राजधानीतले उरलेले जादा शेतकरी एकेक करून याच शहराकडे सरकवा, आकडा दरवेळी दोनने वाढतोय ना ते बघत.

गुहा साफ झाल्या नसतील तर भालाईत राहू द्या. त्याऐवजी चार कामगार शेतकरी करा, आकडा अधिक ५ होईल. बाहेरच्या ६ तुकड्यांनी दुसरं काही करण्याआधी जवळची, सोपी ठिकाणं साफ करावीत, म्हणजे पहारा कमी करता येईल. दोन्ही परिस्थितींत तीन छोट्या शहरांचं बाकी सगळं बांधकाम थांबवून बिल्डर्स हॉल आणि ग्रॅनरी लावा, आणि गोल्ड साठेल तसं त्यातलं एकेक विकत घ्या. तिन्ही ग्रॅनऱ्या झाल्या की ६ फूड नवं येईल. तेव्हा त्या तीन शहरांच्या पडद्यावर जाऊन अंतराच्या पलीकडे किती शेतकरी मोकळे झालेत ते मोजा आणि त्यांना कामगार करा. खेळ ते स्वतःहून करेलच असं धरून चालू नका.